चांदीच्या वर्खाचें पोटांत काय होतें?

दिवाळीच्या सुटीनंतर नववीच्या वर्गांत एका मुलानें विचारलें, “सर, पेढ्यावरचा वर्ख पोटांत जिरतो कीं तसाच राहतो?” त्याची आजी म्हणते, चांदी अंगीं लागते, आई म्हणते, तें विष आहे. दोघींचा मान राखून उत्तर द्यावयाचें तर आधीं थोडें गणित करावें लागेल.

अन्नसुरक्षेच्या सरकारी नियमाप्रमाणें वर्खाचें वजन दर चौरस मीटरला २.८ ग्रॅमपर्यंत असावें आणि त्यांत हजारांत ९९९ भाग चांदी असावी. चांदीची घनता दर घन सेंटिमीटरला १०.५ ग्रॅम. भागाकार केला म्हणजे जाडी फार तर २७० नॅनोमीटर येते. एका मिलिमीटरचा दहा लाखावा भाग तो नॅनोमीटर. आपल्या भिवंडीच्या मागांवरील कापसाचा एक तंतु सुमारें १५,००० नॅनोमीटर जाड असतो, यावरून कल्पना यावी. १ ते १०० नॅनोमीटरच्या कणांस नॅनोकण म्हणतात. मिठाईवरील रुपेरी गोळ्यांतून तसे कण सुटतात असें आढळलें आहे.

केवळ नांव ऐकून घाबरूं नये. दुधांतील केसीनचे गोळे बहुधा ५० ते ३०० नॅनोमीटरचेच असतात. जठरांतील आम्ल व पेप्सिन त्यांचें दह्यासारखें साखळ करतात, पुढें आंतड्यांतील रस त्याचे तुकडे करतात आणि शेवटीं रक्तांत शिरतात तीं अमिनो आम्लें. हें खरें पचन.

धातूंचे तुकडे करणारा असा रस शरीरापाशीं नाहीं. तेथें जें काय करावयाचें तें आम्लानें. झिंक ऑक्साइडचे कण जठरांत विरघळून जातात व उरतें तें धान्यांतूनहि मिळणारें साधें जस्त. चांदी मात्र हट्टी. तिचा अल्पसा भाग विरघळतो, आणि क्लोराइडशीं गांठ पडतांच त्याचें सिल्व्हर क्लोराइड होतें. परीक्षानळींत तुम्हीं पाहिलेला पांढरा सांका तो हाच. बाकीची बहुतेक चांदी शौचावाटे निघून जाते. टिटॅनियम डायऑक्साइड हा पांढरा रंग तर आम्लास दादच देत नाहीं. त्याचा फार थोडा अंश आंतड्यांच्या अस्तरांतून आंत शिरून यकृतांत सांचूं शकतो, व तेथें त्यास मोडण्याचें साधन नाहीं. युरोपीय तज्ज्ञांनीं २०२१ सालीं तो यापुढें सुरक्षित मानतां येत नाहीं असें सांगितलें, आणि २०२२ मध्यें युरोपीय संघानें अन्नांत त्यास बंदी केली.

आतां आजीकडे वळूं. वर्षानुवर्षें चांदीचें औषधी पाणी पिणाऱ्यांची कातडी निळसर करडी झाल्याच्या नोंदी वैद्यकांत आहेत, आणि तो रंग जात नाहीं. चांदी अंगीं लागते ती अशी! सणासुदीच्या पेढ्यावर दहा चौरस सेंटिमीटर वर्ख धरला तरी चांदी २.८ मिलिग्रॅमपलीकडे जात नाहीं. तेवढ्यास आईनें विष म्हणूं नये.

आईनें भ्यावयाचें तें खोट्या वर्खास. तो ॲल्युमिनियमचा असतो. बोटांत चोळल्यास चांदीचा वर्ख विरून जातो, ॲल्युमिनियमची गोळी होते. सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लांत टाकल्यास ॲल्युमिनियम बुडबुडे सोडीत विरघळतो, चांदी तशीच तरंगत राहते. जठरांत असतें तेंहि हेंच आम्ल.