हुप्प्याचे सुळे

मोर्शीच्या उत्तरेस सातपुड्याच्या पायथ्याशी सालबर्डीचे रान आहे. अशा रानांतून वानरांची टोळी संत्र्यांच्या बागेत उतरली, की राखणदार गोफण घेऊन धावतो. टोळीत माद्या व पिलेच अधिक. मोठा नर बहुधा एकच. त्यालाच आपल्याकडे हुप्प्या म्हणतात. झाडाच्या शेंड्यावरून घुमणारी त्याची आरोळी ज्याने ऐकली आहे, त्याला या नावाचा अर्थ सांगावा लागत नाही.

हा हुप्प्या जांभई देतो, तेव्हा त्याच्या जबड्यातील लांब, अणकुचीदार सुळे दिसतात. तोंड मिटताना वरचा सुळा खालच्या उपदाढेवर घासतो व त्याला धार लागते. वास्तविक वानर पाला, फळे व शेंगा खाणारा. पाला खावयास एवढे सुळे कशाला? बरे, ते खाण्यासाठी असते, तर मादीचेही तेवढेच असते. ती तोच पाला खाते; पण तिचे सुळे बरेच आखूड असतात.

मग बाकीचे नर जातात कोठे? वयात येताच त्यांना टोळी सोडावी लागते. ते निराळा जथा करून हिंडतात आणि संधी साधून हुप्प्यावर चालून येतात. आरोळ्या व दात विचकणे यांवर निभावले तर ठीक. नाही तर सुळ्यांचे घाव बसतात. हरलेला हुप्प्या टोळीस मुकतो. युकिमारू सुगियामा या जपानी शास्त्रज्ञाने १९६१ ते १९६३ या काळात धारवाडजवळ वानरांचा अभ्यास केला. नवा नर जुन्याची तान्ही पिले मारून टाकतो, असे त्यांना आढळले. हे वाचून मन विषण्ण होते. पण हुप्प्याला केवढ्या गोष्टीसाठी झुंजावे लागते, हे यावरून कळते. ज्याचे सुळे बळकट, त्याची टोळी टिकली, त्याची पिले वाढली आणि तेच सुळे पुढच्या पिढीत उतरले.

आसामातील हुलॉक गिबन जोडप्याने राहतो. त्यांच्या नरमादीचे सुळे जवळजवळ सारखेच असतात.

आता आरशात आपला सुळा पाहा. तो शेजारच्या दातांहून जेमतेम उंच आहे. हाती हत्यारे आल्यामुळे माणसाचे सुळे लहान झाले, असा तर्क चार्ल्स डार्विन यांनी १८७१ साली मांडला. परंतु आजवर सापडलेली सर्वांत जुनी दगडी हत्यारे सुमारे ३३ लाख वर्षांपूर्वीची आहेत. आणि इथिओपियात सापडलेल्या, सुमारे ४४ लाख वर्षांपूर्वीच्या ‘आर्डिपिथेकस’ या मानवसदृश प्राण्याच्या नरांचे सुळे तेव्हाच आखूड झालेले होते. त्यांच्यातील नरांची आपापसांतील झुंज त्याआधीच मंदावली असावी, असे कित्येक शास्त्रज्ञांना वाटते.