पंखा चालू ठेव गं!

अगं, दुपारी घरात एकटी असलीस की पंखा बंद करून घामात बसतेस, हे कळलंय मला. आधी ते सोड. साधा पंखा पंच्याहत्तर वॅटचा. तीन तास हाल सोसलेस तरी पाव युनिट वाचत नाही. एक नंबरवर ठेवतेस म्हणावं, तर तुमच्या भाड्याच्या घरात भिंतीवर जुना डबा-रेग्युलेटर आहे. पंख्याची वाचलेली बरीचशी वीज तो स्वतःच गरम होऊन खातो. हात लावून बघ.

आपल्या बायकांचं हे असंच. बचत म्हटली की पहिली झळ स्वतःच्या अंगावर. आणि रात्री आपले नवरोजी एसी अठरावर लावून वर दुलई ओढणार! बिल तिथे चढतं, तुझ्या दुपारच्या पंख्याने नाही.

तू नागपूरची, म्हणून आधीच सांगते, माहेरचा कूलर इथे मागवू नकोस. तिथली हवा कोरडी, म्हणून वाळ्याच्या ताट्या कामी येतात. कोलकात्यात पारा पस्तिशीतच असतो, पण हवेत पाणी भरलेलं. कूलर त्यात आणखी ओल घालतो, गारवा नाही. इथे एसीची बरीचशी ताकद हवेतलं पाणी उपसण्यातच जाते. म्हणून पावसाळ्यात 'ड्राय' मोड लावून बघ, अंगाची चिकचिक गेली की अर्धं काम झालं. एरवी सव्वीसवर एसी आणि वर पंखा मंद. एक अंश वाढवला की सुमारे सहा टक्के वीज वाचते, असं ब्युरो ऑफ एनर्जी एफिशियन्सी सांगते. 1 जानेवारी 2020 पासून नव्या रूम एसीला 24 अंश हीच मूळची सेटिंग सक्तीची केली, ती याच हिशेबाने. नवऱ्याशी वाद घालू नकोस. रिमोट तुझ्या उशाशी ठेव.

खरी कमाई पंखा बदलण्यात आहे. इथे थंडीचे दोन-अडीच महिने सोडले तर पंखा थांबतच नाही. वीस तास चालला तर दिवसाला दीड युनिट, महिन्याला पंचेचाळीस. बीएलडीसी पंखा तीसेक वॅटमध्ये तीच हवा देतो, म्हणजे अठरा युनिट. किंमत थोडी जास्त पडते, पण पंखा तुझा. घर बदललं की काढून नेता येतो. सगळे एकदम नको, आधी झोपायच्या खोलीतला बदल.

बिलाचे टप्पे असतात ना, त्यात वाचलेलं युनिट वरच्या, म्हणजे सगळ्यात महाग टप्प्यातून कमी होतं. पण हा फायदा बिल तुमच्या नावावर असेल तरच. घरमालक सबमीटर लावून सरसकट एकाच दराने पैसे घेत असेल, तर सीईएससीचं मूळ बिल दाखवायला सांग. ही कंपनी 1899 पासून या शहराला वीज देते आहे, स्वतंत्र मीटरची चौकशी करणं काही अवघड नाही. लाजू नकोस, इथे सगळेच विचारतात.

गिझर दोन हजार वॅटचा. अर्धा तास म्हणजे एक अख्खं युनिट. नऊ वॅटचा एलईडी दिवा तेवढ्यात शंभराहून जास्त तास जळतो. तेव्हा देवघरातला दिवा चालू राहिला म्हणून सासूबाई ओरडल्या तर हसून घे, पण अंघोळ झाल्यावर गिझर कोणी बंद केला ते बघ.

फ्रिजच्या दाराच्या रबरात कागदाची पट्टी अडकवून ओढ. सहज निघाली तर रबर बदल, कारण दमट हवा आत शिरून बर्फ साचतो आणि कॉम्प्रेसर थकतो. भिंतीपासून वीतभर पुढे ओढलास तरी फरक पडतो.

आणि पुढचं घर बघाल तेव्हा दक्षिणेची खिडकी बघ. आपल्याकडे दक्षिण म्हटलं की कपाळाला आठ्या. इथे 'दक्षिण खोला' फ्लॅटला लोक जास्त पैसे मोजतात. उन्हाळ्याच्या संध्याकाळी समुद्राकडचा वारा त्याच बाजूने येतो, आणि तेवढे तास तरी एसी लावावासा वाटत नाही. वास्तूचं मी बघते, तुझ्या सासूबाईंशी मीच बोलेन.

हाजरा रोडला महाराष्ट्र निवासात येशील ना, तेव्हा गेल्या मेचं आणि या मेचं, दोन्ही बिलं घेऊन ये. आणि नवऱ्यालाही आण.