एमआयएस शिकताय? एकदा स्टोअरमध्ये जाऊन या

पुणे, नाशिक, छत्रपती संभाजीनगर अशा औद्योगिक पट्ट्यांत ‘एमआयएस एक्झिक्युटिव्ह पाहिजे’ ही जाहिरात बारमाही असते. बी.कॉम., बीबीए, बीसीए झालेली मुलं अर्ज करतात, एक्सेलची छोटीशी परीक्षा होते आणि काम सुरू होतं. सकाळी नऊला यायचं, एसएपी किंवा टॅलीतून कालचा डेटा काढायचा, व्हीलूकअप लावायचा, पिव्होट करायचा आणि अकराच्या मीटिंगआधी साहेबांना मेल करायचा. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. मॅनेजमेंट इन्फर्मेशन सिस्टिम्स हा विषय शिकून बाहेर पडलेल्या कित्येकांची पहिली खुर्ची हीच असते. काहींची तर पुढची बरीच वर्षं त्याच खुर्चीत जातात. पगार थोडाफार वाढतो, पण काम तेच राहतं.

चाकणजवळच्या सुट्या भागांच्या एका कारखान्यात मीही याच खुर्चीपासून सुरुवात केली आणि पुढे ईआरपीच्या कामात आलो. या वाटेला येणाऱ्यांना काही गोष्टी आधीच कळायला हव्यात, असं फार वाटतं.

विषय मोठा आहे आणि चांगला आहे, हे आधी सांगायला हवं. अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठात गॉर्डन डेव्हिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६० च्या दशकाच्या अखेरीस त्याला स्वतंत्र अभ्यासक्रमाचं रूप दिलं. निर्णय घेणाऱ्या माणसाला नेमकं काय कळायला हवं आणि ते त्याच्यापर्यंत वेळेत कसं पोचेल, हा त्याचा गाभा. म्हणून तर डेटाबेसच्या शेजारी हिशेबशास्त्र, उत्पादन व्यवस्थापन आणि संघटनेतलं वर्तन हेही विषय असतात. विद्यार्थी मात्र एसक्यूएल मन लावून शिकतात आणि कॉस्टिंगचा तास बुडवतात. नोकरीत आधी अडतं ते कॉस्टिंगपाशीच.

आमच्या कारखान्यात एक तक्रार कायमची होती: सिस्टिममध्ये माल दिसतो, रॅकवर नसतो. ऑफिसमधली मंडळी रोज सकाळी एक्सेलमध्ये आकडे हाताने जुळवून घेत. सॉफ्टवेअरच वाईट आहे, बदला, अशी बोलणीही चालू होती. उत्तर सापडलं ते दुसऱ्या पाळीत, स्टोअरच्या खिडकीपाशी. ट्रक रात्री यायचा, गेट एन्ट्री व्हायची, पण तपासणी करणारा सकाळी येणार म्हणून जीआरएन, म्हणजे माल स्वीकारल्याची नोंद, दुसऱ्या दिवशी. मधल्या वेळात लाइन थांबू नये म्हणून सुपरवायझर कच्च्या स्लिपवर माल उचलायचा. ती स्लिप कधी नोंदली जायची, कधी टेबलाच्या खणात राहायची. प्लेटिंगला बाहेर गेलेल्या मालाचं आणखी वेगळंच. जीएसटी येऊन वर्षं झाली तरी जॉबवर्कच्या चलनाला तिथे जुन्या अबकारी नियमावरून ‘५७ एफ ४’च म्हणत, आणि रिजेक्शन वजा होऊन माल कमी परत आला की ते चलन तसंच उघडं राहायचं.

‘‘अरे, सिस्टिम काय बघतोस, आधी स्लिपा बघ की,’’ असं आमचे स्टोअरकीपर काका म्हणाले. त्यांना हे सगळं ठाऊक होतं. विचारायला कुणी आलं नव्हतं, एवढंच. उपायही साधा निघाला. आलेला माल गेटवरच ‘तपासणी बाकी’ अशा साठ्यात घेण्याची सोय सॉफ्टवेअरमध्ये पहिल्यापासून होती, ती वापरायला सुरुवात केली, आणि कच्च्या स्लिपांना क्रमांक दिले.

हे फक्त लहान कारखान्यांत घडतं असं कुणी समजू नये. हर्शी ही अमेरिकेतली नावाजलेली चॉकलेट कंपनी. तिने सुमारे ११ कोटी २० लाख डॉलर खर्चून एसएपी आणि त्याला जोडलेली दोन सॉफ्टवेअर बसवली. चार वर्षांचं काम अडीच वर्षांत उरकलं आणि १९९९ च्या जुलैत, हॅलोवीनच्या ऑर्डरी येऊ लागतात त्याच सुमारास, सगळं एकदम सुरू केलं. गोदामात चॉकलेट होतं, पण दुकानांपर्यंत जाईना. १० कोटी डॉलरहून अधिक किमतीचा माल वेळेत देता आला नाही आणि त्या तिमाहीचा नफा १९ टक्क्यांनी घसरला. हंगामाच्या गर्दीत कंपनी जादा माल जिथे जिथे ठेवत असे, त्यांतल्या काही जागांची सिस्टिमला माहितीच नव्हती, असंही पुढे आलं. आमच्या टेबलाच्या खणातल्या स्लिपांचंच हे मोठं रूप.

ब्रिटनच्या पोस्ट खात्यात झालं ते याहून भयंकर. हे प्रकरण प्रत्येक वर्गात शिकवलं जावं असं माझं ठाम मत आहे. तिथे १९९९ पासून ‘होरायझन’ ही हिशेबप्रणाली बसवली गेली, ती चालवणारी कंपनी फुजित्सु. शाखांच्या हिशेबात तूट दिसू लागली. शाखा चालवणारी माणसं सांगत होती की आम्ही पैसे घेतलेले नाहीत, पण संगणक बरोबरच चालतो असं धरून चालण्याकडे तिथल्या न्यायालयांचा कल होता. ९०० हून अधिक लोक दोषी ठरले. भारतीय वंशाच्या सीमा मिश्रा गरोदर असताना २०१० मध्ये तुरुंगात गेल्या. त्यांची शिक्षा रद्द व्हायला २०२१ उजाडलं. ॲलन बेट्स यांच्या पुढाकाराने ५५५ जणांनी दावा लढवला, तेव्हा कुठे २०१९ मध्ये न्यायालयाने प्रणालीत दोष असल्याचं मान्य केलं. बाहेर बसलेल्या तंत्रज्ञांना शाखेच्या हिशेबात परस्पर फेरफार करता येत होता, हेही सिद्ध झालं. या विषयाच्या विद्यार्थ्याने ‘कोणी, केव्हा, काय बदललं’ याची नोंद ठेवण्याचा धडा कंटाळवाणा म्हणून सोडू नये, कारण त्या नोंदीवर कुणाचं तरी आयुष्य अवलंबून असू शकतं.

आता नोकऱ्यांबद्दल. बिझनेस ॲनालिस्ट, ईआरपीचा फंक्शनल कन्सल्टंट, डेटा ॲनालिस्ट, माहितीप्रणालीचा लेखापरीक्षक या वाटा खऱ्या आहेत. एसएपीच्या जुन्या ईसीसी प्रणालीचा नियमित सपोर्ट २०२७ अखेर संपतो आहे, त्यामुळे कंपन्यांना नव्या प्रणालीवर नेण्याचं काम भरपूर आहे. लेखापरीक्षणाकडे वळणाऱ्यांना सीसा हे प्रमाणपत्र उपयोगी पडतं, पण नुसती परीक्षा पास होऊन भागत नाही. पाच वर्षांचा संबंधित अनुभवही लागतो, त्यात शिक्षणानुसार काही सूट मिळते.

इथेच एक धोका आहे. एसएपीचे क्लास घेणारे काही जण फीबरोबर खोटं अनुभवपत्रही देऊ करतात. ते घेऊ नका. मोठ्या कंपन्या पीएफची नोंद तपासतात आणि रुजू झालेल्या माणसालाही काढून टाकतात. त्यापेक्षा ज्या खात्यात काम केलं आहे त्याचंच मॉड्यूल शिका: खरेदीत असाल तर एमएम, हिशेबात असाल तर एफआय.

शिक्षणाचा मार्ग निवडताना खर्च आणि वेळ दोन्ही बघा. एमसीए २०२०–२१ पासून तीनऐवजी दोन वर्षांचं झालं आहे. एमबीएला सिस्टिम्स घ्यायचं असेल, तर आधी कुठेतरी नोकरी केलेली बरी, असं मी विचारायला येणाऱ्या प्रत्येकाला सांगतो. अमेरिकेत एमएस करणाऱ्यांनी आपल्या अभ्यासक्रमाचा सीआयपी कोड विद्यापीठाकडून लेखी मागून घ्यावा. शिक्षणानंतर तिथे १२ महिने काम करता येतं, पण पुढचे २४ महिने त्या कोडनुसार अभ्यासक्रम स्टेम (विज्ञान-तंत्रज्ञान विषयांच्या) यादीत असेल तरच मिळतात, आणि एमआयएस या एकाच नावाखाली वेगवेगळी विद्यापीठं वेगवेगळे कोड लावतात. पुढे एच-१बीच्या वर्षाला एकूण ८५,००० जागा, आणि सप्टेंबर २०२५ मध्ये अमेरिकेबाहेरून होणाऱ्या नव्या अर्जांवर एक लाख डॉलरचं शुल्क जाहीर झालेलं. कर्ज काढण्याआधी घरच्यांसमोर हे सगळं कागदावर मांडावं.

आणि प्रोजेक्ट विकत घेऊ नका. कॉलेजच्या बाहेर तयार ‘लायब्ररी मॅनेजमेंट सिस्टिम’ मिळते, ती परीक्षकांनी शंभरदा पाहिलेली असते. आपल्या गावच्या दूध संकलन केंद्रात किंवा पतसंस्थेत बसा. सकाळी काट्यावर दूध मोजलं गेल्यापासून फॅट आणि एसएनएफचा आकडा पावतीवर येतो, तिथून दहा दिवसांच्या बिलात जातो, मग पशुखाद्याची उचल त्यातून कापली जाते. या प्रवासात किती हात लागतात, कुठे आकडा पुन्हा लिहिला जातो, यंत्र बंद पडलं तर काय करतात, हे विचारून उतरवून काढा. मुलाखतीत त्यावर अर्धा तास सहज बोलता येतं, आणि समोरचा माणूस कारखान्यातला असेल तर पुढचे प्रश्न तोच उत्सुकतेने विचारतो.