घाटाखालचे शेजारी गाव : वेंगुर्ले



आमच्या घरची बोली कोकणी. समुद्राला आमच्या घरी 'दर्या' म्हणतात, आणि हा शब्द उच्चारताना वडीलधाऱ्यांच्या स्वरात आदर आणि धाक हे दोन्ही सारख्याच प्रमाणात असत. परंतु आम्ही शिकवितो ते घाटमाथ्यावरील मुलांना. एकदा भूगोलाच्या तासाला आम्ही सहज विचारले, "समुद्र कोणी कोणी पाहिला आहे?" वर्गातील निम्मेदेखील हात वर झाले नाहीत. समुद्र तर आपल्यापासून सव्वाशे किलोमीटरच्या आसपास! त्याच दिवशी आम्ही ठरविले की, वार्षिकांकासाठी यंदा वेंगुर्ल्यावर लिहावयाचे.

बेळगावहून आंबोलीमार्गे सावंतवाडी आणि तेथून वेंगुर्ले असा हा रस्ता आहे. निपाणीकरांनी गडहिंग्लज, आजरा, आंबोली असे यावे. घाट उतरू लागताच हवा दमट होते, माती तांबडी होते, घरांच्या भिंतींत जांभा दगड दिसू लागतो आणि माड-पोफळींच्या बागा सुरू होतात. तीन-चार तासांच्या प्रवासात भूगोलाच्या पुस्तकातील दोन प्रकरणे डोळ्यांसमोरून सरकतात.

हा रस्ता केवळ प्रवासाचा नव्हे, तो इतिहासाचाही आहे. निपाणीच्या मुलांना तंबाखूची वखार ठाऊक आहे. वेंगुर्ल्यातही एक वखार आहे. मात्र ती सतराव्या शतकात डच व्यापाऱ्यांनी घातलेली. तिचे भग्न अवशेष आजही उभे आहेत. पुढे १८१२ साली हे बंदर सावंतवाडीकरांकडून इंग्रजांच्या हाती गेले. बेळगावच्या लष्करी छावणीला लागणारा माल गलबतांतून वेंगुर्ल्यास उतरे आणि बैलगाड्यांतून घाट चढे. देशावरचा माल त्याच वाटेने खाली येई. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बेळगावला आगगाडी आली, माल दुसऱ्या वाटेने जाऊ लागला आणि वेंगुर्ल्याचे बंदर हळूहळू ओस पडले. रस्त्याने वाढविलेले गाव रुळाने मागे टाकले. व्यापार गेला, पण गाव खचले नाही. तेथील माणसांनी दुसरे उद्योग शोधले.

त्यांतील एक उद्योग म्हणजे फळबागा. १९५७ साली येथे फळ संशोधन केंद्र स्थापन झाले. आज ते दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाकडे आहे. 'वेंगुर्ला' हेच नाव धारण करणाऱ्या काजूच्या क्रमांकवार सुधारित जाती याच केंद्राने दिल्या. नीलम आणि हापूस यांच्या संकरातून झालेला 'रत्ना' आंबा आणि अत्यंत पातळ कोय असलेला 'सिंधू' आंबा ही कोकणच्या संशोधकांचीच देणगी होय. काजूचे झाड मूळचे ब्राझीलचे, पोर्तुगीजांनी ते येथे आणले, हे ध्यानी घेतले म्हणजे एका बीमध्ये केवढा प्रवास दडलेला असतो ते कळते.

आता प्रेक्षणीय स्थळे पाहू. बंदराजवळच्या टेकडीवर चढावे. खाली धक्का, मच्छिमारांच्या होड्या आणि दूरवर पाण्यात काळे ठिपके दिसतात. ते वेंगुर्ल्याचे खडक. त्यांच्यावर दीपगृह आहे, आणि तेथील गुहांत पाकोळ्या आपल्या लाळेने घरटी बांधतात. सागरेश्वरचा किनारा विस्तीर्ण व शांत आहे. वायंगणीच्या वाळूत ऑलिव्ह रिडले जातीची समुद्रकासवे अंडी घालतात. गावकरी ती राखतात आणि पिले पाण्याकडे धावू लागली की, पाहुण्यांनाही तो सोहळा पाहावयास मिळतो.

दक्षिणेस आरवली लागते. तेथील वेतोबाला भक्त केळी आणि चामड्याच्या मोठमोठ्या चपला वाहतात. जयवंत दळवी याच गावचे. त्याच्या पुढे शिरोडे. १९३० साली येथील मिठागरांवर मिठाचा सत्याग्रह झाला. आणि येथल्याच शाळेत वि. स. खांडेकरांनी १९२० पासून १९३८ पर्यंत शिक्षकाचे काम केले. पुढे १९७४ चा ज्ञानपीठ पुरस्कार ज्यांना लाभला, ते लेखक अठरा वर्षे एका खेड्यात मुलांना शिकवीत होते, ही गोष्ट आम्हां शिक्षकांना विशेष बळ देते.

सोयींच्या बाबतीत म्हणाल, तर मोठ्या शहरातील थाट येथे अपेक्षू नये. एस्. टी.ची स्थानके आहेत. कोकण रेल्वेची सावंतवाडी आणि कुडाळ ही स्थानके जवळ आहेत. लहान लॉज आहेत, आणि अनेक कुटुंबे आपल्याच घरी पाहुण्यांची न्याहारीसह सोय करतात. घावणे, आंबोळी, सोलकढी, बांगड्याचे तिखले हे येथील खरे वैभव. गावाची स्वच्छता तर मुद्दाम पाहण्याजोगी आहे. नगरपरिषदेने घरोघरचा कचरा वेगवेगळा करून घेण्याची शिस्त लावली आणि जेथे पूर्वी कचऱ्याचा ढीग होता, तेथे बाग फुलविली. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ सहलीस उत्तम.

पहाटे किनाऱ्यावर गेलात तर कदाचित रापण ओढताना दिसेल. होडीतून समुद्रात जाळे अर्धवर्तुळाकार पसरतात आणि दोन्ही टोकांच्या दोऱ्या किनाऱ्यावरून माणसे ओढतात. ओढणाऱ्या प्रत्येकास मासळीत वाटा मिळतो. वाटसरूने हात लावला तरी त्याला रिकाम्या हाताने धाडीत नाहीत. सहकार्याचा धडा याहून सोपा कोणत्या पुस्तकात आहे?

परंतु आता जे सांगावयाचे आहे, त्याच्यासाठीच हा लेख आम्ही मुख्यतः लिहीत आहोत. एप्रिल २०१७ मध्ये मालवणजवळच्या वायरी किनाऱ्यावर बेळगावहून सहलीस गेलेले आठ जण बुडून मरण पावले. आपल्याच भागातील ती माणसे होती. अशा वेळी घात होतो तो बहुधा अज्ञानामुळे. लाटांनी किनाऱ्याकडे आलेले पाणी परत जाण्यासाठी वाळूच्या दोन उंचवट्यांमधील खोलगट वाट धरते. त्या ठिकाणी लाटा फारशा फुटत नाहीत. म्हणून तो भाग शांत दिसतो आणि नवखा माणूस नेमका तेथेच उतरतो. तेथील ओढ माणसाला आत नेते. घाबरून सरळ किनाऱ्याकडे पोहू लागला, तर चांगला पोहणाराही थकतो. अशा वेळी ओढीशी झुंजू नये. पाण्यावर तरंगत राहावे, हात वर करून हाक द्यावी, आणि पोहता येत असेल तर किनाऱ्याला समांतर पोहत ओढीबाहेर पडावे. अमावास्या-पौर्णिमेस भरती-ओहोटीचा जोर अधिक असतो, त्यास उधाण म्हणतात. त्या दिवसांत विशेष जपावे. विहिरीत पोहण्याचा सराव समुद्रात पुरेसा होत नाही. आणि सर्वांत मोठा नियम हा की, तेथील कोळ्याने "येथे उतरू नका" म्हटले तर वाद न घालता मागे फिरावे. त्याचे ज्ञान पिढ्यांचे आहे.

म्हणून पालकांस आमची विनंती आहे : मुलांना समुद्र अवश्य दाखवा, पण त्याची रीत आधी शिकवा. आणि मित्रहो, ज्या गावाने आपला कचरा बागेत बदलला, तेथे आपण खाऊची वेष्टने टाकून येऊ नये. पाहुणा गेल्यावर यजमानाने सुटकेचा श्वास टाकावा, यासारखी नामुष्की नाही.

पुढील वर्षी वर्गात आम्ही तोच प्रश्न पुन्हा विचारणार आहोत. त्या वेळी सगळे हात वर झालेले आम्हांस पाहावयाचे आहेत. आणि गेलेला प्रत्येक जण सुखरूप परत आलेला पाहावयाचा आहे.