घटक ४ : ‘एका कुटुंबाचे घर’ – शब्द, नियम आणि वस्ती

४.१ उद्दिष्टे
हा घटक अभ्यासल्यानंतर आपल्याला
• अमेरिकी उपनगरांतील गृहनियमांचे स्वरूप सांगता येईल.
• संपन्न वस्तीतील बहुकुटुंबी घरांच्या आकर्षणाची कारणे स्पष्ट करता येतील.
• तटस्थ भासणाऱ्या शब्दांतील सामाजिक आशय ओळखता येईल.

४.२ प्रास्ताविक
‘वाडा’, ‘चाळ’, ‘बंगला’ हे शब्द ऐकताच आपल्या मनात केवळ इमारत उभी राहत नाही. तेथे राहणाऱ्यांची ऐपत आणि राहणीही उभी राहते. अमेरिकेत असा भेद मनापुरता न राहता कायद्याच्या भाषेत उतरला.

४.३ विषय-विवेचन
वंशानुसार वस्त्या वेगळ्या करणारा लुइव्हिल शहराचा नियम अमेरिकी सर्वोच्च न्यायालयाने १९१७ मध्ये अवैध ठरवला. १९२६ मध्ये ओहायोतील युक्लिड गावाच्या खटल्यात मात्र त्याच न्यायालयाने वापरानुसार जमिनीची विभागणी वैध मानली. स्वतंत्र घरांच्या वस्तीत येणाऱ्या अपार्टमेंटला त्या निकालात बांडगुळासारखी परोपजीवी म्हटले आहे. हा शब्दप्रयोग लक्षात घ्यावा. येथे दोष इमारतीला दिला आहे. तिच्यात राहणाऱ्या माणसांचा उल्लेखही नाही. ‘एका भूखंडावर एकाच कुटुंबाचे घर’ या नियमातही कोणाला वगळायचे ते सांगितलेले नाही. तरीही ज्यांना स्वतंत्र घर परवडत नाही ते आपोआप वगळले जातात.

न्यू जर्सीतील माउंट लॉरेल हे याचे ठळक उदाहरण होय. तेथील जुन्या कृष्णवर्णीय कुटुंबांसाठी ३६ सदनिकांचा प्रस्ताव पुढे आला; गावाने तो नाकारला. एथेल लॉरेन्स या रहिवासी महिलेने इतरांसह न्यायालयात दाद मागितली. १९७५ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला, की विकसित होत असलेल्या प्रत्येक गावाने अल्प व मध्यम उत्पन्नगटांच्या घरांना आपल्या वाट्याची जागा खुली ठेवली पाहिजे. प्रत्यक्ष घरे मात्र २००० साली उभी राहिली. १४० सदनिकांच्या त्या वसाहतीला लॉरेन्स यांचे नाव दिले आहे. ती पाहण्यास त्या हयात नव्हत्या.

अशा वस्तीत सदनिका का हवीशी वाटते? अमेरिकेत शाळांच्या खर्चाचा मोठा भाग स्थानिक मालमत्ता करातून येतो. त्यामुळे संपन्न गावातील घर म्हणजे बहुधा चांगल्या शाळेचा प्रवेश होय. रोजगाराची जवळीक व सुरक्षितता ही आणखी दोन कारणे. गावातच काम करणारे शिक्षक आणि मोठे घर सांभाळणे जड झालेले वृद्ध यांनाही लहान घर सोयीचे असते.

घरांच्या किमती घसरतील व गुन्हे वाढतील, ही शेजाऱ्यांची भीती होती. समाजशास्त्रज्ञ डग्लस मॅसी व सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात तसे आढळले नाही. उलट रहिवाशांच्या उत्पन्नात व मुलांच्या शिक्षणात सुधारणा दिसली. ही वसाहत सुनियोजित होती आणि तिची देखभाल चांगली होती. म्हणून हा निष्कर्ष कोणत्याही बांधकामाला सरसकट लावता येणार नाही.

४.४ सारांश
नियमाची भाषा इमारतीविषयी बोलते. परिणाम माणसांवर होतो. म्हणून शब्द काय सांगतो याबरोबरच तो काय सांगत नाही, हेही अभ्यासले पाहिजे.

४.५ स्वयंअध्ययन प्रश्न
१. १९१७ व १९२६ च्या निकालांतील फरक सांगा.
२. आपल्या परिसरातील घराच्या जाहिरातीत ‘सुसंस्कृत वस्ती’ यांसारखा शब्दप्रयोग आढळल्यास त्यातून कोण वगळले जाते, ते पाच-सहा वाक्यांत लिहा.