टॅब्लेटची गोदी

नाशिक येथे १९८९ साली यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाची स्थापना झाली. ‘ज्ञानगंगा घरोघरी’ हे त्याचे ब्रीद होय. दिवसभर शेतात, कारखान्यात अथवा दुकानात राबणाऱ्या माणसास विद्यापीठाच्या दारी यावयास सवड नसेल, तर विद्येनेच त्याच्या दारी जावे, हा त्यामागील हेतू. सातपूर किंवा अंबड येथील कारखान्यातून परतलेला असा एखादा विद्यार्थी रात्री अभ्यासास बसतो, तेव्हा त्याच्या हाती पुष्कळदा टॅब्लेट असतो. पाटीएवढ्या या यंत्रात शेकडो ग्रंथ मावतात. व्याख्यानेही ऐकता येतात. परंतु दहा-पंधरा पृष्ठांचा निबंध लिहावयाचा झाला किंवा जमाखर्चाचा तक्ता मांडावयाचा झाला, की हेच यंत्र अपुरे वाटू लागते. काचेवर उमटणारा कळफलक निम्मा पडदा व्यापतो. मान खाली झुकून अवघडते. बोटांना कळांचा स्पर्श होत नसल्यामुळे दृष्टी अक्षरांवर खिळून राहते आणि विचारांचा धागा तुटतो.

मग मेजावरचा निराळा संगणक विकत घ्यावा काय? ज्या घरी एक यंत्र घेतानाच ओढाताण झाली, तेथे दुसऱ्याची गोष्ट कशी काढावी? ही अडचण पुष्कळ अंशी दूर करणारे एक छोटे उपकरण आहे. त्यास ‘डॉकिंग स्टेशन’ म्हणतात.

‘डॉक’ म्हणजे गोदी. मुंबईत लवजी नसरवानजी वाडिया यांच्या हातून १७५० मध्ये दगडी गोदी उभी राहिली, ती प्रसिद्धच आहे. समुद्रावर मुक्त संचार करणारे जहाज गोदीत येऊन स्थिरावते. तेथे त्यास हवे ते साहाय्य मिळते आणि काम आटोपताच ते पुन्हा मोकळे होते. संगणकाच्या गोदीचेही तसेच आहे. ॲपल कंपनीने १९९२ मध्ये ‘ड्युओ डॉक’ नावाची पेटी बाजारात आणली. तीत लहान संगणक सरकविला, की तो मेजावरील संगणकाप्रमाणे काम करी.

आजची गोदी त्या पेटीहून पुष्कळ लहान असते. हे शक्य झाले ते ‘यूएसबी टाइप-सी’ या जोडणीमुळे. यूएसबी पद्धती १९९६ मध्ये प्रथम प्रसिद्ध झाली. बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात शिकलेले अभियंते अजय भट्ट यांचा तिच्या निर्मितीत मोठा वाटा आहे. २०१४ मध्ये आलेल्या टाइप-सी जोडणीत २४ सूक्ष्म स्पर्शबिंदू असतात आणि ती उलटसुलट कशीही बसते. या एकाच वाटेने टॅब्लेटला वीज मिळते, पडद्यावरील चित्र बाहेर जाते आणि माहितीची ने-आण होते. गोदीला मोठा पडदा, कळफलक व माऊस जोडावा आणि तिची तार टॅब्लेटमध्ये खोचावी. एवढ्याने मेज सज्ज होते. सॅमसंग कंपनीने २०१७ मध्ये ‘डेक्स’ ही सोय प्रथम मोबाइल दूरध्वनीसाठी व पुढे टॅब्लेटसाठी दिली. तिच्या योगे मोठ्या पडद्यावर अनेक चौकटी शेजारी-शेजारी उघडता येतात. एकीत संदर्भग्रंथ ठेवून दुसरीत लेखन करता येते. मराठी लिहिणाऱ्यास ‘इन्स्क्रिप्ट’ कळफलक शिकून घेणे हिताचे. त्यात स्वर डाव्या हाताकडे व व्यंजने मुख्यतः उजव्या हाताकडे असल्यामुळे, सराव झाला की कळांकडे न पाहता लिहिता येते.

तथापि, गोदीत आल्याने होडीचे गलबत होत नाही. टॅब्लेटची मूळची गती व स्मरणशक्ती आहे तेवढीच राहते. शिवाय टाइप-सीचे छिद्र दिसले म्हणजे त्यातून चित्र बाहेर जाईलच, असे नाही. कित्येक स्वस्त टॅब्लेटांत ती व्यवस्था नसते. म्हणून आधी यंत्राची माहितीपुस्तिका वाचावी, मगच पैसे मोजावे. चित्राची सोय नसेल, तर टॅब्लेट उभा ठेवण्याची साधी बैठक व बिनतारी कळफलक यांवरही लेखनाचे बरेचसे काम भागते.

टॅब्लेट हातात घेऊन वाचणे सोपे आहे, आणि नुसते पाहत राहणे तर त्याहूनही सोपे. मेजाशी ताठ बसून लिहिण्यास निश्चय लागतो. ज्ञान घरोघरी पोहोचले, म्हणजे अर्धे कार्य झाले. त्यावर विचार करून स्वतःचे चार शब्द लिहिणे, हे उरलेले अर्धे कार्य ज्याचे त्यानेच करावयाचे असते. गोदी त्यासाठी केवळ जागा करून देते.

स्वाध्याय
१. टॅब्लेटवर दीर्घ लेखन करताना कोणत्या अडचणी येतात?
२. जहाजाची गोदी व टॅब्लेटची गोदी यांतील साम्य सांगा.
३. ‘गोदीत आल्याने होडीचे गलबत होत नाही’ या वाक्याचा आशय स्पष्ट करा.