वाळा, लिंबू, पुदिना : घरच्या घरी सुगंधी पाणी (परिसर अभ्यास पूरक पाठ)



मार्चमध्ये सकाळची शाळा सुरू झाली की मी वर्गात एक साधं काम करते. शाळा सुटायच्या आधी मुलांना आपापली पाण्याची बाटली वर धरायला लावते. निम्म्याहून जास्त बाटल्या जशाच्या तशा भरलेल्या असतात. का रे प्यायला नाहीस, असं विचारलं की उत्तर ठरलेलं. "मॅडम, पानी गरम व्हई गयं." आणखी दोन-चार जण सांगतात की पाण्याला औषधाचा वास येतो. म्हणजे तहान असते, पाणीही असतं, पण पोरं ते पीत नाहीत. भुसावळ-जळगावकडे मे महिन्यात पारा ४४-४५ अंशांपर्यंत जातो, धुळ्यातही ऊन काही कमी नसतं. अशा हवेत पाण्याने भरलेली बाटली तशीच घरी परत जाणं ही काळजीची गोष्ट आहे. केरळातल्या शाळांनी २०१९ मध्ये मुलांनी पाणी प्यावं म्हणून वेगळी घंटाच सुरू केली होती. आपणही अशी घंटा देऊ शकतो, पण बाटलीतलं पाणी प्यावंसं वाटलं तरच तिचा उपयोग.

म्हणून आजचा पाठ फळांच्या आणि वनस्पतींच्या वासाच्या पाण्याचा. हल्ली मोबाईलवर याचे व्हिडिओ खूप फिरतात. काचेची उंच बरणी, त्यात काकडीच्या चकत्या, बर्फ, आणि वर लिहिलेलं असतं 'डिटॉक्स वॉटर'. ते नाव बाजूला ठेवा. शरीरातली घाण बाहेर काढायचं काम आपलं यकृत आणि मूत्रपिंडं करतात. लिंबाच्या चार चकत्या ते काम करत नाहीत, आणि एक लिटर पाण्यात त्या चकत्यांमधून जीवनसत्त्वंही फार उतरत नाहीत. ती हवी असतील तर फळ खावं, लिंबू पिळून घ्यावं. या पाण्याचा फायदा एकच, पण आपल्यासाठी मोठा आहे : साखर न घालता पाण्याला चव येते आणि पोरं ते आवडीने पितात.

ही कल्पना बाहेरची नाही

आखाजीला (अक्षय तृतीयेला) आपल्या खान्देशात घागर भरतात. मातीची घागर, तिच्यावर लहान मातीचं भांडं, त्यावर खरबूज, सांजोरी आणि आंबे. पितरांसाठी ठेवलेल्या थंड पाण्यात वाळा घालायची पद्धतही महाराष्ट्रात जुनी आहे. वाळा म्हणजे एका गवताची मुळं. हिंदीत त्याला खस म्हणतात. माठात वाळ्याची जुडी टाकली की पाण्याला पहिल्या पावसात ओल्या मातीला येतो तसा मंद वास येतो.

आयुर्वेदात तर अशा पाण्यांना वेगवेगळी नावं आहेत. वनस्पती थंड पाण्यात रात्रभर भिजवून सकाळी गाळली की ते 'हिम'. गरम पाण्यात टाकून, झाकून ठेवून गाळली की 'फांट'. उकळून आटवली की काढा. म्हणजे चहाची पुडी गरम पाण्यात बुडवणं हा फांट झाला आणि काकडी-पुदिन्याचं थंड पाणी हा हिमाचा फिकट भाऊ! शार्ङ्गधर संहितेत हिमासाठी एक भाग औषध आणि सहा भाग पाणी असं प्रमाण दिलं आहे. आपण करतो ते याहून कितीतरी पातळ असतं, कारण आपल्याला औषध करायचं नाही, तहान भागवायची आहे. आजीच्या हातचं धन्याचं पाणी आठवतं का? रात्री ठेचलेले धने भिजवायचे, सकाळी गाळून किंचित खडीसाखर घालून प्यायचं. ते धान्यक हिम.

आधी पाणी स्वच्छ, मग त्याला वास

हा भाग कृपया दोनदा वाचा. बाकी काही लक्षात राहिलं नाही तरी चालेल.

आपल्याकडे अनेक गावांत नळाला रोज पाणी येत नाही. आलं की टाकी, ड्रम, हंडे, जे मिळेल ते भरून ठेवावं लागतं. उन्हाळ्यात काही ठिकाणी टँकरचं पाणी येतं. जूनमध्ये शाळा उघडते तेव्हा नवं गढूळ पाणी येतं. अशा पाण्यात वाळा टाका, पुदिना टाका, नाहीतर केवडा टाका, ते शुद्ध होत नाही. उलट वास चांगला आला की आपण बिनधास्त पितो. तुरटी फिरवली की गाळ खाली बसतो, पाणी नितळ दिसतं, पण जंतू मरत नाहीत. त्यासाठी पाणी उकळायला हवं (चांगली खळखळ उकळी येऊन मिनिटभर तरी राहू द्या), नाहीतर क्लोरीनचं औषध घालायला हवं. मेडिक्लोरसारख्या बाटलीवर लिहिलेलं प्रमाण वाचायचं, तेवढेच थेंब टाकायचे, ढवळायचं आणि अर्धा तास थांबायचं.

आता इथे एक गंमत आहे आणि एक धोकाही. लिंबातलं क जीवनसत्त्व क्लोरीनला निकामी करतं. समजा एखाद्या आईने औषध टाकलं आणि लगेच वास जावा म्हणून त्यात लिंबू पिळलं, तर वास जाईल, पण औषधाने जंतू मारायच्या आधीच त्याचा जोर संपेल. तेच लिंबू अर्ध्या तासानंतर घातलं तर जंतू मेलेले असतात आणि उरलेला औषधाचा वासही कमी होतो. सामान तेच, औषध तेच, फक्त क्रम बदलला. आमच्या वर्गातल्या 'औषधाचा वास येतो' या तक्रारीवर मला सापडलेला सगळ्यात स्वस्त उपाय हाच. अर्धा तास मोजायचं काम घरातल्या एखाद्या मुलालाच द्या, घड्याळाचा पाठही होतो.

कोणतं पाणी कसं करायचं

ज्यांच्या घरी फ्रिज नाही त्यांच्यापासून सुरुवात करू, कारण व्हिडिओवाले त्यांना विसरतात.

वाळ्याचं पाणी : किराणा दुकानात किंवा काष्ठौषधींच्या दुकानात वाळा मिळतो. मूठभर मुळं घ्या, माती निघेपर्यंत तीन-चार पाण्यांतून धुवा, स्वच्छ पातळ कापडात पुरचुंडी बांधा आणि शुद्ध केलेल्या पाण्याच्या माठात सोडा. चार-पाच तासांत वास उतरतो. दोन-तीन दिवसांनी पुरचुंडी काढून कडक उन्हात वाळवा, पुन्हा वापरा. वास येईनासा झाला की टाकून द्या. खोलीला लावायच्या पडद्याचा किंवा कूलरचा वाळा मात्र प्यायच्या पाण्यात घालू नका.

धन्याचं पाणी : एक लिटर पाण्याला एक मोठा चमचा धने, जाडसर ठेचून, रात्रभर झाकून. सकाळी गाळा आणि दुपारपर्यंत संपवा.

तुळस किंवा पुदिना : आठ-दहा पानं, वाहत्या पाण्याखाली एकेक पान धुऊन. पुदिन्याच्या जुडीत माती फार असते, नुसती बुडवून काढू नका. पानं हातावर ठेवून एकदा टाळी वाजवा (मुलांना हे फार आवडतं), म्हणजे पानातलं सुगंधी तेल सुटतं. संध्याकाळपर्यंत पानं काढून टाका, ती बुळबुळीत होतात.

लिंबू : फ्रिज नसेल तर चकत्या माठात टाकून ठेवू नका. पेल्यात पाणी घ्या आणि आयत्या वेळी लिंबू पिळा. आपल्या पाचोरा-भडगाव पट्ट्यात लिंबू-मोसंबीच्या बागा आहेत, पण उन्हाळ्यात लिंबाचा भाव काय होतो ते तुम्हाला माहीतच आहे. एका लिंबात चार पेले सहज होतात.

फ्रिज असेल तर मोसंबी, काकडी, कैरी, संत्रं यांच्या पातळ चकत्या चालतात. एक लिटरला अर्धं लिंबू किंवा चार-पाच चकत्या मोसंबी, सोबत पुदिना. दोन तास फ्रिजमध्ये. लिंबाच्या बिया काढा, आणि साल जास्त वेळ पाण्यात राहिली तर पाणी कडवट होतं, म्हणून तीन-चार तासांनी चकत्या काढून घ्या. पाणी त्याच दिवशी संपवा.

कापलेलं फळ साध्या हवेत दोन तासांपेक्षा जास्त ठेवू नये असा नियम आहे, आणि हवा ३२ अंशांच्या वर असेल तर एकच तास. आपल्याकडे एप्रिल-मेत ३२ अंश तर सकाळी न्याहारीच्या वेळेलाच होतात! मी स्वतः एकदा हौसेने खरबुजाच्या फोडी घातलेलं पाणी डब्यासोबत नेलं होतं. मधल्या सुट्टीत झाकण उघडलं तर आंबूस वास. सगळं झाडाला घातलं. खरबूज, कलिंगड गोड असतं, त्यात आंबटपणा कमी, म्हणून जंतू तिथे झपाट्याने वाढतात. मुलांच्या बाटलीत कापलेलं फळ देऊच नका. वाळ्याचं गाळलेलं पाणी द्या, बाटलीला ओला सुती कपडा गुंडाळून द्या. आणि जळगावचं केळं कितीही प्रिय असलं तरी ते पाण्यात घालायचं फळ नव्हे, काळं पडतं. ते खा.

भांडं कोणतं? काच, स्टील किंवा माती. तांब्याच्या किंवा कल्हई नसलेल्या पितळेच्या भांड्यात लिंबू, कैरी, मोसंबी घातलेलं पाणी ठेवू नका. आंबटपणाने तांबं पाण्यात उतरतं आणि मळमळ, उलट्या होऊ शकतात. माठ रोज रिकामा करून आतून काथ्याने किंवा ब्रशने घासा, साबण नको, कारण मातीच्या छिद्रांत तो शिरून बसतो. पाणी काढायला लांब दांड्याचं ओगराळं ठेवा. हात बुडाला की केलेली सगळी मेहनत वाया.

पाठाशी जोड

शिक्षक मित्रांनो, यातून विज्ञानाचे निदान तीन प्रयोग निघतात.

पहिला माठाचा. माठाच्या छिद्रांतून पाणी झिरपतं, बाहेर त्याची वाफ होते आणि ती वाफ होताना आतली उष्णता घेऊन जाते. आपली हवा कोरडी, म्हणून आपला माठ मुंबईच्या दमट हवेतल्या माठापेक्षा जास्त गार होतो. स्टीलच्या हंड्यातलं आणि माठातलं पाणी शेजारी ठेवून मुलांना बोट लावून बघू द्या (पिण्याच्या पाण्यात नको, वेगळ्या वाटीत काढून). तापमापी असेल तर आकडे फळ्यावर लिहा.

दुसरा विसरणाचा. एका पेल्यात अख्खं लिंबू, दुसऱ्यात चकत्या, तिसऱ्यात कोमट पाणी आणि चकत्या. दर दहा मिनिटांनी वास घेऊन कोणत्या पेल्याला आधी वास आला ते लिहायचं. का आला, हे मुलांनाच शोधू द्या.

तिसरा माझा आवडता. कुंपणावरच्या निळ्या गोकर्णाची पाच-सहा फुलं कोमट पाण्यात टाका, पाणी निळं होतं. मग त्यात लिंबाचे थेंब टाका. निळ्याचं जांभळं होताना वर्गात जो आवाज होतो, तो शेजारच्या वर्गातल्या गुरुजींनाही ऐकू जातो. आम्ल ओळखणं याहून सोपं कसं शिकवणार? हे पाणी फक्त बघायचं, प्यायचं नाही, असं आधीच सांगून ठेवा.

गणितासाठी एखाद्या थंड पेयाची रिकामी बाटली आणा. तिच्यावर १०० मिलीलीटरला किती ग्रॅम साखर ते छापलेलं असतं, कोलासारख्या पेयात साधारण १० ते ११ ग्रॅम. २०० मिलीच्या बाटलीत किती झाली? चहाच्या चमच्यात साधारण ५ ग्रॅम मावते, तर किती चमचे? तेवढी साखर कागदावर ओतून दाखवा. भाषण करावं लागत नाही.

थोडं जपून

सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला कुठलंच पाणी देऊ नका, उन्हाळ्यातसुद्धा नाही. त्याला आईचं दूध पुरतं. सब्जा घालणार असाल तर तो पंधरा-वीस मिनिटं पूर्ण फुगू द्या, कोरडा सब्जा घशात अडकतो. मूत्रपिंडाचा आजार असलेल्यांनी किती पाणी प्यायचं ते डॉक्टरांना विचारावं.

जुलाब-उलट्या होत असतील तर हे सुगंधी पाणी कामाचं नाही, कारण त्यात क्षार नाहीत. तेव्हा ओआरएस हवं. पाकीट नसेल तर एक लिटर शुद्ध पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. आणि उन्हातून आलेलं मूल बरळायला लागलं, अंग भाजतंय, गुंगी येतेय असं दिसलं तर घरगुती पाण्यात वेळ घालवू नका. सावलीत न्या, अंग ओल्या कपड्याने पुसा, १०८ ला फोन करा.

मुलांसाठी घरचा उपक्रम : आजी-आजोबांना विचारा, त्यांच्या लहानपणी माठात काय घालत होते? उत्तर तुमच्या घरच्या बोलीत, आजीच्याच शब्दांत वहीत लिहा. त्याखाली आठ दिवसांचा तक्ता आखा : सकाळी बाटलीत किती पाणी नेलं, घरी येताना किती उरलं, आणि लघवीचा रंग फिकट होता की गडद पिवळा. शेवटच्या रकान्याला मुलं हसतात, हसू द्या. गडद लिहिलेलं असेल त्या दिवशी बाटलीत किती पाणी उरलं होतं, ते त्यांनाच शोधायला सांगा.